पानावरच्या धुळीतलं शिसं मोजताना

हवेतल्या धुळीतले धातू मोजायचा रीतसर मार्ग म्हणजे एअर सॅम्पलर. पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो, धूळ फिल्टरवर बसते, फिल्टर लॅबला जातो. पण यंत्राला वीज लागते, राखण लागते आणि एका यंत्रावरून एकाच जागेचं कळतं. झाडं मात्र चौकात, कारखान्याच्या कुंपणाशी, शाळेच्या आवारात आधीपासूनच उभी असतात आणि पान उलगडल्यापासून त्यावर धूळ साठतच असते. अशी पानं तपासून एका भागाचा धातूंचा नकाशा काढण्याचं काम आम्ही नुकतंच हातावेगळं केलं. शोधनिबंधांत ही पद्धत चार ओळींत उरकलेली असते. त्या चार ओळींच्या मधे काय काय घडतं, ते इथे क्रमाने लिहितो आहोत.

सुरुवात प्रश्नापासून. ‘या चौकातल्या हवेत शिसं कायदेशीर मर्यादेच्या वर आहे का?’ याचं उत्तर पान देऊ शकत नाही. मर्यादा असते दर घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम अशी, आणि पानावरून कळतं दर किलो सुक्या पानात किती मिलिग्रॅम. एकावरून दुसरं काढता येत नाही, कारण मधे पाऊस, वारा, पानाचं वय, पानावरची लव असं बरंच काही येतं. ‘या चौकातल्या झाडांवर त्या बागेतल्या झाडांपेक्षा किती पट शिसं आहे?’ याचं उत्तर मात्र पान चांगलं देतं. म्हणजे तुलनेची एक स्वच्छ जागा पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवी. ती नंतर शोधायला गेलात, तर हंगाम निघून गेलेला असतो.

कोणते धातू मोजायचे हे त्यांच्या उगमावरून ठरवावं. ब्रेक झिजतात तेव्हा तांबं, अँटिमनी आणि बेरियम उडतं. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असतं, म्हणून रस्त्याच्या धुळीत जस्त. निकेल आणि व्हॅनेडियम जोडीने वाढलेले दिसले, तर जड इंधन तेल जळत असल्याचा संशय घ्यावा. वाहनांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगातून २०२१ मध्ये संपलं. पण रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं, जुना रंग आणि बॅटऱ्या वितळवण्याची कामं अजून आहेतच. या यादीत ॲल्युमिनियम मुद्दाम घाला. ते प्रदूषण म्हणून नव्हे, तर मातीची खूण म्हणून. पानावरच्या धुळीत बराचसा भाग साधी माती असते आणि ॲल्युमिनियमशिवाय ती वेगळी काढता येत नाही.

झाडाची जात सगळीकडे एकच ठेवा. एका चौकात वड आणि दुसऱ्यात कडुनिंब अशी तुलना केली, तर फरक हवेचा की पानाचा हे सांगता येणार नाही. खरखरीत, लव असलेली, मेणचट पानं जास्त धूळ धरतात. पिंपळाचं पान गुळगुळीत, लांब देठावर सतत हलणारं आणि टोकाला निमुळतं. त्यावरून पाणी आणि धूळ दोन्ही लवकर घसरतात. कण्हेरीच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला लव असलेल्या खळग्यांत दडलेली असतात, तिथे बारीक कण अडकून राहतात. कडुनिंब सगळीकडे सापडतो, पण पर्णिका लहान असल्याने पानाचं क्षेत्रफळ मोजताना पुरेवाट होते. पाइनसारख्या झाडाचा फायदा वेगळाच: फांदीवरच्या वाढीवरून यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या सुया वेगळ्या ओळखता येतात. बाकी झाडांच्या बाबतीत पान किती जुनं हे अंदाजानेच ठरतं, म्हणून पालवी कधी फुटली याची नोंद त्या त्या झाडाजवळ जाऊन आधीच करून ठेवावी.

मग परवानग्या. रस्त्याकडेचं झाड एका खात्याचं, शाळेतलं संस्थेचं, कारखान्याच्या आवारातलं मालकाचं. पत्र प्रत्येकाला वेगळं लागतं. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या की प्रकरण पुढे सरकतं: एका झाडाची किती पानं घेणार, फांदी तोडणार नाही, झाडावर काही फवारणार नाही. परवानगीला लागणारा वेळ हंगामाच्या उलट मोजत यावा, कारण पानं घ्यायला योग्य असे कोरडे आठवडे थोडेच असतात.

लॅबचं दरपत्रकही याच काळात मागवा. दर नमुन्यागणिक आहे की मूलद्रव्यागणिक, हे आधी विचारा. आणि हिशेब करताना फक्त झाडं मोजू नका. समजा ३६ झाडं आहेत. प्रत्येकाचा एक धुतलेला आणि एक न धुतलेला (का, ते पुढे धुण्याच्या पायरीत येईल) असे ७२ नमुने झाले. मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये (पानांची पूड ॲसिडमध्ये तापवून विरघळवणारं यंत्र) एका वेळी १२ भांडी बसत असतील, तर त्यांतलं एक ब्लँकला (पूड न घालता नुसती रसायनं), एक प्रमाणित संदर्भ नमुन्याला (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच ठाऊक असतं), एक दुबार नमुन्याला जातं. उरली ९. म्हणजे ८ फेऱ्या आणि बिल ९६ नमुन्यांचं. संदर्भ नमुन्याची बाटली हा स्वतंत्र खर्च आहे. ती बहुधा परदेशातून येते, म्हणून तिची मागणी सगळ्यांत आधी नोंदवा.

पानं तोडण्याचा दिवस पाऊस ठरवतो. मोठी सर आली की वरवरची भरड धूळ वाहून जाते, मेणात रुतलेली बारीक धूळ राहते. म्हणून शेवटच्या पावसानंतर किमान ७ कोरडे दिवस जाऊ द्यावेत आणि सगळ्या जागांची पानं शक्यतो एका-दोन दिवसांत उरकावीत. मधेच पाऊस आला, तर अर्धवट गोळा केलेला संच बाजूला ठेवून कोरड्या दिवसांची मोजणी पुन्हा सुरू करणं भाग असतं. जिवावर येतं, पण त्याला इलाज नाही.

पानं दीड ते दोन मीटर उंचीवरची, पूर्ण वाढलेली, कीड किंवा डाग नसलेली घ्यावीत. फक्त रस्त्याच्या बाजूची घेतली तर आकडा फुगतो, फक्त मागची घेतली तर उतरतो. झाडाच्या चारही अंगांनी घ्या, नाहीतर सगळीकडे रस्त्याकडचीच घ्या आणि तसं नोंदवा. पान देठाला धरून तोडायचं, पात्याला बोट लावायचं नाही. पातं चिमटीत धरलं की धूळ बोटाला येते. काळ्या हातमोज्याच्या बोटांवर करडा ठसा उठतो, तो ठसा म्हणजेच आपला नमुना. हातमोजे नायट्राइलचे, पावडर नसलेले. लेटेक्सच्या आणि पावडर लावलेल्या मोज्यांत जस्त असतं. कात्री शक्यतो सिरॅमिकची, कारण स्टेनलेस स्टील म्हणजे क्रोमियम आणि निकेल. पानं एकावर एक दाबून भरू नका. पिशवीच्या आत धूळ झडतेच, म्हणून न धुतलेल्या भागाची पिशवीही नंतर थोड्या पाण्याने विसळून ते पाणी नमुन्यात घ्यायचं की नाही, हा नियम आधी ठरवून सगळ्यांना सारखा लावा. पिशवीवर झाडाचा क्रमांक, तारीख, उंची, रस्त्यापासूनचं अंतर लिहा. रस्त्यापासूनचं अंतर नीट मोजा, कारण वाहनांच्या धुळीतला धातू पहिल्या काही दहा मीटरांतच झपाट्याने कमी होतो. ‘रस्त्याजवळ’ ही नोंद पुढे निरुपयोगी ठरते.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी समजावलेली: धुणं. पानात सापडलेला धातू दोन वाटांनी आलेला असतो, हवेतून पानावर आणि मुळांतून पानात. हवेपुरतं बोलायचं तर दोन्ही वेगळे करायला हवेत. एकाच फांदीवरची पानं आलटून-पालटून दोन गटांत वाटायची. एक गट तसाच, दुसरा धुवायचा. नळाचं पाणी वापरायचं नाही, नळातूनच तांबं आणि जस्त येतं. अतिशुद्ध पाण्यात, प्लास्टिकच्या बीकरमध्ये, पान देठाला धरून हळू हलवायचं. पाणी बदलून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा मिनिट. जास्त स्वच्छ व्हावं म्हणून पान पाण्यात भिजत ठेवू नका. पोटॅशियम, मँगनीज आणि थोडं जस्त पानातूनच पाझरायला लागतं आणि ते धुळीच्या खात्यावर जमा होतं. पान मधोमध कापून अर्धं धुण्याची कल्पना सुचते खरी, पण कापलेल्या कडेतून हाच पाझर अधिक होतो.

इतकं करूनही धुतलेलं पान म्हणजे निव्वळ ‘आतलं’ नव्हे. मेणाच्या थरात रुतलेले कण पाण्याने निघत नाहीत. ते हवे असतील, तर पान अर्धं ते पाऊण मिनिट क्लोरोफॉर्ममध्ये बुडवावं लागतं. हे काम फ्यूम हूडमध्ये (घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), काचेच्याच भांड्यात करायचं. नायट्राइलचे मोजे क्लोरोफॉर्मला फारसे टिकत नाहीत. शिंतोडा उडाला की लगेच बदला. आम्ही हा भाग मोजक्याच नमुन्यांवर केला आणि अहवालात ‘पाण्याने निघालेली धूळ’ असाच शब्द वापरला. सगळ्याच नमुन्यांना क्लोरोफॉर्म लावण्याइतका त्याचा फायदा आहे असं आम्हाला वाटत नाही.

धुण्याचं पाणी टाकून देऊ नका. ते आधी १० मायक्रॉनच्या, मग २.५ मायक्रॉनच्या आणि शेवटी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, तर आकारानुसार धूळ वेगळी होते. फिल्टर आधी आणि नंतर एकाच तापमान-आर्द्रतेला ठेवून सूक्ष्म तराजूवर तोलायचे. तराजूचा आकडा सरकत राहिला, तर बहुतेक वेळा दोष स्थिर विजेचा असतो. पानांचं क्षेत्रफळ साध्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला प्रतिमा घेऊन इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये मोजता येतं. मग धूळ दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोग्रॅम ते निघतं. फिल्टरवरचे धातूही मोजायचे असतील, तर काचतंतूचा फिल्टर टाळा, त्यात बेरियम आणि जस्त मुळातच असतं. गाळून खाली आलेल्या पाण्यात विरघळलेलं जस्त असतं. त्यात २% नायट्रिक ॲसिड घालून तेही मोजायला पाठवा.

वाळवण्यात फार काही नाही: ६० ते ७० अंश सेल्सिअसला साधारण ४८ तास, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत. पारा मोजायचा असेल, तर इतकीही उष्णता देऊ नका. दळताना मात्र सावध. स्टीलच्या ग्राइंडरमधून लोखंड, क्रोमियम, निकेल येतं, पितळी चाळणीतून तांबं आणि जस्त. अगेट या कठीण दगडाचा खल आणि नायलॉनची चाळणी वापरा, आणि दळायला सुरुवात तुलनेच्या स्वच्छ जागेच्या पानांपासून करा, म्हणजे मळका नमुना आधी दळून त्याचा अंश पुढच्यात जाणार नाही.

विरघळवण्यासाठी ०.२ ते ०.५ ग्रॅम पूड टेफ्लॉनच्या भांड्यात घ्यायची, त्यावर ६५% चं नायट्रिक ॲसिड ६ ते ८ मिलिलिटर. ॲसिड ‘ट्रेस मेटल’ दर्जाचंच (धातूंचा अंश अत्यल्प असलेलं) हवं. साध्या दर्जाचं स्वस्त पडतं, पण त्यातलंच शिसं ब्लँकमध्ये दिसतं. झाकण सैल ठेवून निदान अर्धा तास, जमल्यास रात्रभर तसंच राहू द्यावं. फेस बसला की ३०% हायड्रोजन पेरॉक्साइड १ ते २ मिलिलिटर, थेंबाथेंबाने. मग १५ ते २० मिनिटांत १८० ते २०० अंशांपर्यंत चढवून तेवढाच वेळ तिथे धरायचं. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पूड घातली की कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढतो, भांड्याचा व्हॉल्व्ह सुटतो आणि नमुना वाफेबरोबर जातो. पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. उघडताना तपकिरी धूर निघतो, तो हूडमध्येच जायला हवा. ॲसिडने सगळी भांडी आधीही धुवायची: १०% नायट्रिकमध्ये २४ तास, मग अतिशुद्ध पाणी.

द्रावण ५० मिलिलिटर करताना तळाशी पांढरा गाळ दिसला, तर घाबरू नका. ती सिलिका: मातीचे कण आणि पानातली स्वतःचीही. नायट्रिकने ती विरघळत नाही. तिच्यात अडकलेलं ॲल्युमिनियम आणि क्रोमियम त्यामुळे कमी येतं. उपाय हायड्रोफ्लुओरिक ॲसिडचा आहे. पण ते त्वचेतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल व प्रशिक्षित माणूस जवळ नसेल, तर त्या वाटेला जाऊच नये. गाळ सेंट्रिफ्यूजने खाली बसवायचा आणि अहवालात ‘नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळणारा भाग’ असं लिहायचं.

मोजणीसाठी फ्लेम एएएस (ज्योतीत धातू किती प्रकाश शोषतो यावरून मोजणारं यंत्र) पुरतं का? जस्त, मँगनीज, लोखंड यांना पुरतं, तांबं जेमतेम. शिसं आणि कॅडमियमला ग्राफाइट फर्नेस (ज्योतीऐवजी ग्राफाइटची तापवलेली नळी) किंवा आयसीपी-एमएस (आयन त्यांच्या वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) लागतं. लॅबच्या अर्जात ॲसिडची तीव्रता विचारलेली असते, ती खरी लिहा. यंत्राला साधारण २ ते ५% ॲसिड चालतं, आपलं द्रावण त्याहून बरंच तीव्र असतं, म्हणून आणखी पातळ करावं लागतं आणि तेवढी किमान मोजमर्यादा (जिच्याखालचं प्रमाण ओळखता येत नाही ती पातळी) वर सरकते. आयसीपी-एमएसवर पानातला उरलेला कार्बन आर्गॉनशी जुळून ५२ वस्तुमानाच्या क्रोमियमसारखा दिसतो, आणि क्लोराइड असेल तर ७५ च्या आर्सेनिकसारखा. ‘हेलियम मोडवर घ्या’ (हेलियम वायूने असे खोटे संकेत गाळणारी पद्धत) हे अर्जातच लिहून द्यावं. ॲसिड घातलेली द्रावणं घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन नळ्यांत थंड जागी नीट टिकतात, तेव्हा लॅबची रांग लांबली तरी नमुन्यांची काळजी नको.

आकडे आले की जीव टांगणीला लागतो तो झाडांसाठी नव्हे, ब्लँकसाठी. आधी सगळे ब्लँक बघा. त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे आपली किमान मोजमर्यादा. तिच्याखालचा आकडा म्हणजे ‘आढळलं नाही’, शून्य नव्हे. मग संदर्भ नमुना. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या टोमॅटोच्या पानांत, क्रमांक १५७३ए, कॅडमियम किलोला सुमारे १.५ मिलिग्रॅम आहे. कॅडमियम तपासायला ती चांगली. सफरचंदाच्या पानांत, क्रमांक १५१५, शिसं ०.४७ आहे, पण कॅडमियम इतकं कमी की त्यावरून काहीच पडताळता येत नाही. एका बाटलीत सगळे धातू तपासून होत नाहीत. रिकव्हरी (प्रमाणित आकड्याच्या किती टक्के आपल्याला मिळालं) ९० ते ११०% मध्ये असेल तर उत्तम. क्रोमियमची कमी आली, तर वरच्या गाळाची आठवण ठेवा आणि आकड्याला गुणक लावून तो ‘दुरुस्त’ करू नका.

हिशेब साधा आहे. यंत्राने लिटरला १२ मायक्रोग्रॅम शिसं दाखवलं, ब्लँक ०.८ होता, तर उरले ११.२. द्रावण ५० मिलिलिटर, म्हणजे त्यात ०.५६ मायक्रोग्रॅम. पूड ०.४ ग्रॅम होती, तर ग्रॅमला १.४ मायक्रोग्रॅम, म्हणजेच किलोला १.४ मिलिग्रॅम. लॅबने द्रावण पातळ केलं असेल, तर त्यांच्या आकड्यात तो गुणक आधीच धरला आहे का, हे लेखी विचारून घ्या. दहापटीचे घोळ इथेच होतात.

आता वजाबाकी. समजा न धुतलेल्या पानात शिसं किलोला ३.१ ± ०.२ मिलिग्रॅम आणि धुतलेल्यात १.२ ± ०.१. फरक १.९ ± ०.२, म्हणजे पाण्याने निघणारं शिसं ठामपणे दाखवता येतं. त्याच झाडाचं जस्त ४२ ± ४ आणि ३८ ± ४ असेल, तर फरक ४ आणि त्याची अनिश्चितता जवळपास ६. इथे काहीच सिद्ध होत नाही. जस्त, तांबं, मँगनीज ही झाडाला लागणारी द्रव्यं, मुळांतून भरपूर येतात आणि धूळ त्यांत बुडून जाते. शिसं मुळांतून पानापर्यंत फार कमी चढतं, म्हणून पानातलं शिसं बहुतांशी हवेचं. पैसे किंवा वेळ कमी पडत असेल, तर जस्ताच्या मोहात न पडता शिसं आणि अँटिमनीवर लक्ष द्यावं, असं आमचं मत झालं आहे.

ताळा म्हणून बर्न्ड मार्कर्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘संदर्भ वनस्पती’चे आकडे शेजारी ठेवता येतात: किलोला शिसं १, कॅडमियम ०.०५, तांबं १०, जस्त ५०, क्रोमियम आणि निकेल प्रत्येकी १.५ मिलिग्रॅम. ती मर्यादा नव्हे, सर्वसाधारण वनस्पतीची कल्पना आहे. यापेक्षा उपयोगी पडतो समृद्धी गुणांक, म्हणजे पानातलं धातू आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर मातीतल्या त्याच गुणोत्तराच्या किती पट आहे ते. पानात शिसं ३.१ आणि ॲल्युमिनियम ४००, तर गुणोत्तर ०.००७७५. जवळच्या मातीत शिसं १२ आणि ॲल्युमिनियम २४,०००, तर ०.०००५. भागाकार १५.५. साधारण १० च्या वर गेलं की ते शिसं नुसत्या मातीचं नाही असं मानतात. माती मात्र पानाच्याच पाककृतीने विरघळवलेली हवी, पुस्तकातला भूकवचाचा आकडा घेतला तर ॲल्युमिनियमच्या कमी रिकव्हरीमुळे गुणांक खोटा फुगतो.

नमुने फार असतील आणि पैसे थोडे, तर आधी चुंबकीय चाचणीने चाळण करता येते. ब्रेक आणि ज्वलनातून येणारे लोहयुक्त कण पानाला मोजता येण्याजोगी चुंबकता देतात. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा माहेर यांनी रस्त्याकडेच्या बर्च झाडांवर यावर बरंच काम केलं आहे. नमुना नष्ट होत नाही आणि ॲसिडही लागत नाही. त्यात जिथे आकडा वर दिसतो, तिथलीच पानं पूर्ण तपासणीला पाठवायची.

परवानगी देणाऱ्यांना शेवटी अहवाल द्यावा लागतो. त्यांना ‘किलोला मिलिग्रॅम’ कळत नाही आणि कुणीतरी तो आकडा हवेच्या मर्यादेशी लावून मोकळा होतो. म्हणून नकाशावर तुलनेच्या जागेच्या किती पट एवढंच दाखवलं आणि पूर्ण तक्ता मागे जोडला. उरलेली पूड ॲसिडने धुतलेल्या कुप्यांत, कोरड्या जागी, झाडाच्या क्रमांकासह जपून ठेवा. दुबार तपासणी मागितली गेली की पानं पुन्हा मिळत नाहीत. वापरलेलं ॲसिड आणि क्लोरोफॉर्म वेगवेगळ्या कॅनमध्ये, लेबल लावून द्यायचं. दोन्ही एकत्र करू नका, आणि क्लोरोफॉर्मच्या कॅनमध्ये भांडी धुतलेलं ॲसिटोनही ओतू नका.